मर्सिडीजचे दात

नव्या स्विफ्टच्या पैशांत जुनी मर्सिडीज येते, ही माहिती कुणी कुणाला देऊ नये. एकदा कानावर पडली की माणसाचा संसारातला रस कमी होतो. तो जेवताना मोबाइल बघतो, उसाला पाणी द्यायला गेला तरी मोबाइल बघतो, आणि रात्री घर झोपल्यावर कुठल्यातरी काळ्या, लांबलचक, वयात आलेल्या गाडीचे फोटो दोन बोटांनी मोठे करून करून पाहतो. शिरूर तालुक्यात या अवस्थेतले पुरुष मी बरेच पाहिले आहेत. त्यांतला एक आमच्या घरातला, म्हणजे माझा मामेभाऊ. वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘भाऊ’ म्हणतो.

हिशेब दिसायला सरळ असतो. 2010-12 च्या सुमाराची ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यूची पाच सिरीज नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास जायची. आज ती सात-आठ लाखांत दारात उभी राहते. “म्हंजे बत्तीस लाख वाचले,” असं भाऊंचं म्हणणं. हे बत्तीस लाख त्यांनी आयुष्यात कधी एकत्र पाहिले नव्हते, पण ते वाचल्याचा आनंद मात्र अस्सल होता. अडचण एवढीच, की गाडीची किंमत उतरते आणि तिच्या सामानाची उतरत नाही. गाडी आठ लाखांची झाली हे तिच्या गिअरबॉक्सला, हेडलाइटला आणि टायरला कुणी कळवलेलं नसतं. ते आपले चाळीस लाखांच्याच तोऱ्यात असतात.

भाऊंचा ऊस आहे, थोडा कांदा आहे आणि रांजणगावच्या एमआयडीसीत पाण्याचे दोन टँकर फिरतात. निर्णय घ्यायचा झाला की ते दौंडच्या दाजींना विचारतात. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झाले. दौंड जंक्शनवर ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याला स्वतःच्या मतापेक्षा वेळापत्रकावर आणि नोंदवहीवर जास्त विश्वास असतो. भाऊ गाडी बघतात ती डोळ्यांनी. दाजी गाडी बघतात ती कानांनी, तेही डोळे मिटून.

पहिला वाद झाला तो गावकीच्या मुद्द्यावर. भाऊंचं मत मर्सिडीजकडे, कारण ती आपल्या जिल्ह्याची. यात चूक काही नाही. 1995 साली या कंपनीने भारतात पहिली गाडी जोडली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. ते मॉडेल इथे आलं त्याच साली तिकडे जर्मनीत त्याची जागा घेणारं नवं मॉडेल आलं, म्हणजे आपल्याकडची पहिली नवी मर्सिडीजसुद्धा एका अर्थी जुनीच होती, आणि आज जुनी घेणारे लोक परंपराच पाळत आहेत. पुढे 2009 मध्ये कारखाना चाकणला गेला.

“चाकण म्हंजे काय लांब हाय? शिक्रापूरला वळलं की आलं,” भाऊ म्हणाले. “काय बिघडलं तर सकाळी जायचं, दुपारी परत.”

“कारखान्यात दुरुस्ती करत नाहीत, भाऊ. तिथं बनवतात,” दाजी.

“बनवतात त्यांना दुरुस्ती येत नसंल व्हय?”

याला दाजींकडे उत्तर नव्हतं. मलाही अजून सापडलेलं नाही. मग बीएमडब्ल्यू म्हणजे चेन्नईची आणि ऑडी म्हणजे औरंगाबादची, अशी विभागणी झाली. माहिती खरी आहे, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ जोडली जाते आणि ऑडी शेंद्र्याच्या कारखान्यात. पण जर्मनीतल्या तीन मातब्बर घराण्यांची अशी एसटीच्या पाट्यांवर वाटणी झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

चाकण म्हटलं की शिरूरच्या जुन्या माणसाला मर्सिडीज आठवत नाही, बैलबाजार आठवतो. आमचे मामा तिथे जोड्या घ्यायला जात. भाऊ लहानपणी बरोबर असत, आणि बैल बघण्याची जी विद्या तिथे अंगात मुरली तिचा उपयोग त्यांनी गाडीवर केला. मला आधी हसू आलं. नंतर लक्षात आलं की या विषयावर यापेक्षा शहाणं शास्त्र पुण्यातल्या कुठल्याही कार-पंडिताकडे नाही.

बैलाचं वय मालक सांगतो ते नसतं, दात सांगतात ते असतं. दुधाचे दात असलेला आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की जुळला. जुळल्यानंतर मात्र वय सांगणं अवघड, तिथून पुढे व्यापाऱ्याच्या तोंडावर भरवसा. जुनी महागडी गाडी ही कायम जुळलेलीच असते. तिचे दात म्हणजे टायर. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. 1419 असेल तर टायर 2019 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. मीटरवर पन्नास हजार किलोमीटर आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, तर कुणीतरी खोटं बोलतंय, आणि टायर खोटं बोलत नाहीत. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची आणि सालाची बारीक खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि डाव्या दाराची दुसऱ्या सालची निघाली, तर डाव्या बाजूला काहीतरी घडलेलं आहे. मग ब्रेकच्या पेडलचं रबर. ते गुळगुळीत झालं असेल तर मीटर मागे घेतलंय. भाऊ खाली वाकून पेडलवरून अंगठा फिरवतात आणि वर न बघता म्हणतात, “लय चाललाय हा.”

गाडीला ते ‘हा’ म्हणतात, त्या वेळेपुरतं.

दावणीला उभा असताना बैल सुंदर दिसतोच, तो चालवून बघायचा, बसवून उठवून बघायचा आणि मालकाला अचानक विचारायचं, “खोड काय?” मालक गडबडला की समजायचं. एजंट मात्र गडबडत नाही. त्याची सगळी उत्तरं पाठ असतात. सिंगल ओनर. डॉक्टरची गाडी. शोरूम मेंटेन. कागद क्लिअर. एका एजंटाला दाजींनी विचारलं, “कुठलं शोरूम?” तो म्हणाला, “शोरूमच, साहेब.” जुन्या मोटारींच्या बाजारात डॉक्टर मंडळी इतक्या गाड्या विकतात की दवाखाने कधी चालवतात हा प्रश्न पडावा.

मर्सिडीजच्या बाबतीत नगर रोडवर आणखी एक ठरलेलं वाक्य आहे. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन साधारण दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या होत्या. पासष्ट कोटींचा व्यवहार. देशभर त्याची चर्चा झाली, आणि शहराचं नाव जगाला कळलं म्हणून अनेकांची छाती फुगली. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. “ही त्या दीडशेतलीच आहे” असं ज्या गाड्यांबद्दल सांगितलं जातं त्यांची बेरीज केली, तर ती दीडशेच्या बरीच पुढे जाईल.

दाजींचं शास्त्र वेगळं. त्यांची अट एकच, आम्ही येण्याआधी गाडी चालू करायची नाही. पोचल्या पोचल्या ते बोनेटवर तळहात ठेवतात. कोमट लागलं तर रामराम करून परत. गार असेल तर बोनेट उघडून शेजारी उभे राहतात, डोळे मिटतात आणि हात वर करतात. इतकी वर्षं गार्डाचा हिरवा झेंडा बघून गाडी सोडली, आता इशारा द्यायची पाळी आपली, असा भाव चेहऱ्यावर. इंजिन सुरू झालं की पहिली काही सेकंदं कुणी बोलायचं नाही. या अटीला कारण आहे. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या दोन लिटरच्या एका डिझेल इंजिनाची टायमिंगची साखळी हा साऱ्या जगात माहीत असलेला दुखरा भाग, आणि ती साखळी बसवलीय इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला. ती बदलायची तर अर्धी गाडी खाली उतरवावी लागते. खराब होत चालली की गार इंजिनावर मागून खरखर येते. तेल वेळेवर बदललेल्या गाड्या ठणठणीत असतात, पण तेल वेळेवर बदललं होतं हे सांगणार कोण? एजंट. म्हणजे पुन्हा डॉक्टर.

त्याच गाड्यांत स्टेपनी नसते. टायर असे, की पंक्चर झाले तरी काही अंतर धावतात. हे जर्मनीत सोयीचं असणार. न्हावऱ्याच्या पंक्चरवाल्याकडे असा टायर गेला तर तो आधी टायरकडे बघतो, मग मालकाकडे, आणि मग चहा मागवतो. बॅटरी बदलली तर नवी बॅटरी आलीय हे गाडीला कॉम्प्युटर लावून कळवावं लागतं. भाऊंना हे पटलंच नाही. “माझ्या टँकरची बॅटरी मी बदलतो, तवा टँकरला इचारतो का?”

पोरांचा आग्रह ऑडी क्यू सेव्हनचा होता. मोठी, उंच, यात्रेत गर्दीतून वाट काढणारी. तिची टाकी शंभर लिटरची आहे. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात धरलं तर टाकी भरायला नऊ हजार. पोरांना सांगितलं, घ्या, पण डिझेल तुमच्या खिशातून. विषय संपला.

हवेच्या सस्पेन्शनबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या भागात त्याने जेवढी करमणूक केली तेवढी कुठल्या वगानेही केली नसेल. ते असलेल्या गाड्या लोखंडी स्प्रिंगवर नसतात, रबराच्या फुग्यांतल्या हवेवर तरंगतात. बसलं की सिंहासनाचं सुख. वयाबरोबर रबराला चिरा पडतात आणि रात्रभरात हवा हळूहळू निसटते. आमच्या ओळखीच्या एका कंत्राटदारांनी अशी गाडी घेतली. त्यांचं नाव आणि गाडीची कंपनी दोन्ही सांगत नाही. संध्याकाळी दारात पेढे वाटले. सकाळी आई झाडायला बाहेर आली तर गाडी मागच्या अंगाने जमिनीला टेकलेली. म्हातारीने हाक मारली, “आरं, बसली बघ ती!” गोठ्यातल्या कशाबद्दल बोलतायत असं वाटून घरातला गडी पेंड घेऊन आला. गाडी चालू केली की पंप हवा भरतो आणि गाडी मिनिटभरात उठून उभी राहते. हे बघायला पुढे रोज सकाळी शाळेची पोरं थांबू लागली. पंपालाही वय असतंच. एक दिवस तो थकला, तेव्हा पोरंही यायची बंद झाली.

कागदांचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण तो कधीच थोडक्यात उरकत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्या दिल्लीच्या असतात. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, ती हरित लवादाच्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. 2025 च्या जुलैत तर जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच थांबलं. या घबराटीत तिथल्या मालकांनी गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या. पण दिल्लीची गाडी इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एन.ओ.सी. हवी, बँकेचा बोजा उतरलेला हवा, आणि इथे नव्याने कर भरायला हवा. तो कर काढतात गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाप्रमाणे कमी करत. म्हणजे आठ लाखांना घेतलेली गाडी सरकारदरबारी एकदम चाळीस लाखांची आठवण काढते.

शिवाय पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी. एप्रिल 2022 पासून मोटारीला त्याची फी 5,000 रुपये, आणि परदेशातून आणलेल्या मोटारीला 40,000. हे वाचून दाखवताच भाऊ मांडी थोपटून उठले. “म्हनलो नव्हतो? चाकणची हाय म्हनून पस्तीस हजार वाचले!” त्या दिवशी दाजींनी पहिल्यांदा त्यांना मान दिली.

नंबर प्लेटवर मात्र दोघांचंही काही चाललं नाही. भाऊंची गाडी शिरूरची, म्हणजे एमएच 12. दाजींच्या दौंडला बारामतीचा, एमएच 42. भाऊंना 4141 हवा होता, जो जरा वळवून रंगवला की ‘दादा’ वाचता येतो. पण आता एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांनाही ती सरकारी ठशाची प्लेट सक्तीची झाली, तिच्यावर आकडे आकड्यांसारखेच दिसतात. एका पिढीची कॅलिग्राफी एका आदेशात संपली.

शेवटी दोन गाड्या उरल्या, एक ई-क्लास आणि एक पाच सिरीज. भेटायचं ठरलं चौफुल्याला. शिरूरहून न्हावरा, पारगाव करत भाऊ येणार, दौंडहून पाटस, वरवंड करत दाजी. एजंट दोन्ही गाड्या घेऊन हजर. न्हावरा-चौफुला रस्ता ही या भागातली खरी परीक्षा. हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मधोमध चालतात, मागे लाल दिवा असला तर तो नशिबाचा भाग, आणि प्रत्येक वस्तीसमोर गावाने स्वतःच्या हिमतीवर केलेला स्पीडब्रेकर. जर्मन इंजिनिअरने या गाड्या ताशी दोनशेच्या पुढे स्थिर राहाव्यात म्हणून किती डोकं लावलं असेल! इथे त्यांना ताशी तीसने, तिरप्या करत, एका वेळी एक चाक चढवत नेतात. तरी पोट घासतंच. दाजींनी हळूच आठवण करून दिली की दौंडमध्ये यायचं तर रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीतून यावं लागेल, आणि जोराच्या पावसात तिथे पाणी साचायचं तेव्हा उंच गाड्याही विचार करत. खालून हवा ओढणाऱ्या इंजिनात पाणी शिरलं, की गाडीच्या किमतीइतकंच इंजिनाचं बिल.

बरोबर मामी आणि वहिनी आल्या होत्या. त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे ते तयार होतं. वहिनींनी डिकी उघडायला सांगितली. ती आपोआप उघडली तेव्हा एजंटाने त्यांच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

“यात पशुखाद्याची पोती किती बसतील?”

“ताई, ही चेअरमन लोकांची गाडी आहे.”

“मग चेअरमनच्या गाई काय उपाशी राहतात का?”

मामींना मागच्या सीटवर बसवलं. मऊ कातडं, मागे वेगळा एसी, पायांना भरपूर जागा. मामी बसल्या त्या खूश झाल्या. उतरायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, मामी नाही. गुडघ्यांचं दुखणं जुनं, आणि गाडी इतकी खाली की उठायला जोरच लागेना. एका बाजूने भाऊ, दुसऱ्या बाजूने दाजी. बाहेर आल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “गाडी बेस हाय. पन मला टँकरमधी बसवत जा.” या भागात प्रत्येक पुढाऱ्याच्या दारात फॉर्च्युनर का असते याची कारणं लोक सत्ता, दरारा आणि रस्ते अशी देतात. मला वाटतं, निम्मं कारण त्यांच्या आयांचे गुडघे आहेत.

आता कुणी म्हणेल, मग घेतात कशाला? मी अशा गाडीवाल्यांना बघत आलोय. ज्याच्या दारात अशी गाडी आहे तो स्वतः बाजारात स्प्लेंडरवर जातो. गाडी निघते ती लग्नसराईत, नवरदेव आणायला, तीही दुसऱ्याच्या. मागायला आलेल्या भावकीला नाही म्हणता येत नाही, डिझेलचे पैसे मागता येत नाहीत, आणि फुलं चिकटवलेल्या टेपने बोनेटचा रंग निघाला तर त्याबद्दल बोलताही येत नाही. उरलेले महिने गाडी शेडमध्ये झाकून असते. शेजारी ऊस असल्यावर उंदरं आलीच, ती वायरिंग खातात, म्हणून बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात. ई-क्लासचं बोनेट उघडल्यावर तंबाखूचा वास येणं हे माझ्या मते या गाडीच्या मराठी झाल्याचं खरं प्रमाणपत्र आहे. पण दारावरून जाणारा माणूस एकदा मान वळवून बघतो. त्या वळलेल्या मानेचे हे सात-आठ लाख, आणि चांगल्या शर्यतीच्या बैलासाठी याहून जास्त मोजणारी माणसं याच भागात आहेत. बैलगाडा शर्यतींना 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यापासून त्यांना कुणी मायलेज विचारलेलं नाही.

चौफुल्याला व्यवहार झाला नाही. दाजींच्या कानाला एका गाडीत काहीतरी ऐकू आलं, दुसरीच्या काचेवरचं साल जुळेना. एजंटाने जाताना दोघांनाही वाकून नमस्कार केला, गिऱ्हाईक म्हणून नव्हे, धंद्यातली मोठी माणसं म्हणून.

पण परवा भाऊंनी सगळ्यांना एक फोटो पाठवला. काळी जॅग्वार. पाठोपाठ दाजींना फोन. मी शेजारीच होतो.

“दाजी, ही कंपनी 2008 पासून टाटांची हाय. पेपरात आलं हुतं. म्हंजे सामानाची काळजीच नाय. नाना पेठेत सुमोचं मिळतं, त्याच दुकानात हिचंबी मिळंल!”

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग दाजी म्हणाले, “त्याला सांगून ठेवा, आपण येईपर्यंत चालू करू नको म्हणावं.”